रिअ‍ॅक्टमध्ये डेटा बदलतो, पण स्क्रीन जुनीच राहते: तपासणी कुठून सुरू करायची

रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानांचे स्क्रीन बनवण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढे वाचा.

- बटण दाबल्यावर कन्सोलमध्ये नवा आकडा छापला जातो, पण स्क्रीनवर जुनाच दिसतो.
- मग भलतीकडेच काहीतरी केलं, समजा शोधाच्या चौकटीत एक अक्षर टाइप केलं, की मघाशी अडकलेला बदल एकदम उमटतो.
- पान रिफ्रेश केलं की सगळं बरोबर.
- बदल एक पाऊल मागे चालतो. दुसऱ्यांदा सेव्ह केल्यावर सर्व्हरवर पहिल्या वेळचा आकडा पोचतो.
- यादीतून दुसरा माणूस निवडला तरी फॉर्ममध्ये आधीच्याचीच माहिती बसून राहते.
- मधली ओळ काढली की तिच्यात टाइप केलेला मजकूर खालच्या ओळीत जाऊन बसतो.
- दर सेकंदाला वाढायला हवा तो आकडा १ वर येऊन थांबतो.

स्क्रीन पूर्ण पांढरी पडत असेल किंवा ‘टू मेनी री-रेंडर्स’ असा लाल मजकूर येत असेल तर तो आजार वेगळा आहे. त्याचे उपाय इथे शोधू नका.

छोट्या व्यवसायांसाठी नोंदींचे स्क्रीन बनवणं हे माझं रोजचं काम. हिशेबाच्या, हजेरीच्या, दूध संकलनाच्या अशा जवळपास प्रत्येक कामात हा बिघाड कधी ना कधी समोर येतो. एका गावातल्या संकलन केंद्रावरून सकाळी सहाला आलेला फोन अजून आठवतो. “दादा, फॅट बदलली, पण पैसं त्येच दावतंय बघा.” एका सभासदाच्या नोंदीत ३.९ च्या जागी ९.३ पडलं होतं. ऑपरेटरने ते दुरुस्त केलं, पण रक्कम जागची हलली नाही. आपली दुरुस्ती लागलीच नाही असं समजून त्यांनी तीच नोंद नव्याने टाकली. पाळी संपली तेव्हा लिटरची बेरीज टाकीतल्या दुधाशी जुळेना. दुरुस्ती खरं तर पहिल्याच फटक्याला लागली होती, फक्त दिसली नव्हती. स्क्रीन खोटी बोलली की माणूस चुकीचा निर्णय घेतो आणि तो निर्णय डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. म्हणून हा बिघाड मी किरकोळ धरत नाही.

रिअ‍ॅक्ट नक्की काय बघतं

रिअ‍ॅक्ट तुमच्या डेटावर पाळत ठेवत नाही. स्टेट म्हणजे कॉम्पोनंटने, स्क्रीनच्या एका तुकड्याने, लक्षात ठेवलेला डेटा. तो बदलणारं फंक्शन म्हणजे सेटर. तुम्ही स्टेटचा सेटर बोलावता तेव्हाच ते जागं होतं. मग जुनी किंमत आणि नवी किंमत एकच आहे का, हे ‘ऑब्जेक्ट डॉट इज’ वापरून पाहतं. एकच असेल तर काम संपलं, पुन्हा रेंडर नाही, म्हणजे स्क्रीन नव्याने मांडली जात नाही.

अ‍ॅरे आणि ऑब्जेक्टच्या बाबतीत ‘एकच’ याचा अर्थ मेमरीतली तीच वस्तू. दुधाच्या वहीसारखं समजा. आतल्या पानावरचा आकडा खोडून नवा लिहिला तरी वही तीच राहते. रिअ‍ॅक्ट पानं उलटत नाही, हातात दुसरी वही आली का एवढंच बघतं. इतक्या उथळ तुलनेमुळेच ते वेगात चालतं.

जुन्या कोडवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. क्लास कॉम्पोनंटमधलं ‘सेटस्टेट’ ही तुलना करत नसे. बोलावलं की साधा क्लास पुन्हा रेंडर व्हायचाच, त्यामुळे तीच वही परत दिली तरी खपून जायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ आवृत्तीबरोबर हुक्स (क्लासशिवाय, साध्या फंक्शनमध्ये स्टेट वापरण्याची सोय) आले आणि ‘यूजस्टेट’ ही तुलना करू लागलं. वर्षानुवर्षं नीट चाललेला क्लास हुक्समध्ये उतरवल्यावर हा बिघाड उगवतो तो यामुळे. चूक आधीपासूनच होती, फक्त झाकलेली होती.

पहिली तपासणी: चालतोय तो कोड तुमचाच आहे ना?

एक मिनिटाचं काम आहे, म्हणून सगळ्यात आधी. स्क्रीनच्या मथळ्यात एखादं अक्षर वाढवा, फाइल सेव्ह करा आणि ते ब्राउझरमध्ये दिसतं का बघा. दिसलं नाही तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

इथे नेहमी सापडणारी कारणं ठरलेली आहेत. फाइल सेव्हच झालेली नाही. टर्मिनलमध्ये बिल्डची चूक येऊन पडली आहे आणि तिकडे कोणी पाहिलेलं नाही. किंवा जुना सर्व्हर दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालूच आहे. व्हीट हे डेव्हलपमेंट सर्व्हर चालवणारं साधन साधारणपणे ५१७३ पोर्टवर चालतं आणि तो अडलेला असेल तर आपणहून ५१७४ घेतं. तुम्ही ५१७३ ची जुनी टॅब बघत बसता आणि बदल ५१७४ वर दिसत असतात. सर्व्हिस वर्कर (पानाच्या फाइली ब्राउझरमध्ये साठवून ठेवू शकणारी स्क्रिप्ट) बसवलेला असेल तर डेव्हटूल्सच्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅबमध्ये जाऊन तो काढा आणि पुन्हा बघा. ग्राहकाकडे जुनीच स्क्रीन दिसण्यामागे मला बहुतेक वेळा हाच सापडला आहे.

दुसरी: सेटरपर्यंत गाडी पोचते का?

कन्सोल उघडा. लाल ओळ असेल तर ती पूर्ण वाचा. हँडलरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सेटरच्या आधीच्या ओळीवर चूक झाली की सेटर बोलावलाच जात नाही. सर्व्हरकडून उत्तराची वाट बघणारा ‘अवेट’ मध्येच फसला तरी तेच. सेटरच्या अगदी वरच्या ओळीत एक लॉग टाका. तो छापला गेला नाही तर दोष तुमच्या हँडलरमध्ये आहे, रिअ‍ॅक्टमध्ये नाही.

तिसरी: लॉग तुम्हाला फसवतोय का?

सेटरच्या लगेच खालच्या ओळीत लॉग टाकला तर जुनीच किंमत छापली जाते. हे बरोबरच आहे. एका रेंडरमध्ये स्टेट म्हणजे त्या क्षणाचा काढलेला फोटो. सेटर तो फोटो बदलत नाही, पुढचा फोटो काढायला सांगतो. मार्च २०२२ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून ‘सेटटाइमआउट’ आणि प्रॉमिसच्या आतले सेटरही एकत्र गोळा करून लावले जातात. त्याआधी तिथे स्क्रीन लगेच बदलायची आणि काही जुने कोड त्यावर विसंबून होते.

लॉग हँडलरमध्ये नको, कॉम्पोनंटच्या अंगात, ‘रिटर्न’च्या वर टाका. डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर तो दोनदा छापला जाईल. घाबरू नका, ते मुद्दाम केलेलं आहे.

पण ‘एक पाऊल मागे’ हे लक्षण खरंच असेल तर हँडलरमध्ये हे शोधा: आधी सेटर, मग लगेच तीच स्टेट सर्व्हरला पाठवणं. तिथे जुना फोटो जातो. नवी किंमत आधी एका साध्या व्हेरिएबलमध्ये काढा आणि सेटरला व सर्व्हरला, दोघांनाही तेच व्हेरिएबल द्या.

चौथी: चौकट चमकते का?

रिअ‍ॅक्ट डेव्हलपर टूल्स हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन फुकट आहे. त्याच्या सेटिंगमध्ये कॉम्पोनंट रेंडर झाला की त्याच्याभोवती चौकट चमकवण्याची सोय आहे. ती चालू करा आणि अडणारं बटण दाबा.

चौकट चमकलीच नाही, तर रिअ‍ॅक्टने रेंडरच केलेलं नाही. बहुतेक वेळा तुम्ही तीच वही परत दिलेली असते, म्हणजे पाचवी तपासणी. चौकट चमकली पण आकडा जुनाच, तर रेंडर झालं आहे आणि आकडा चुकीच्या जागेवरून येतोय. मग थेट सहावीपासून पुढे जा. या एका उत्तराने शोधाचा निम्मा रस्ता बंद होतो. म्हणून कोणाचाही असा फोन आला की मी आधी हेच विचारतो.

एक सावधगिरी हवी. ‘कॉम्पोनंट्स’ टॅबमध्ये स्टेट नवी दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. तुम्ही वस्तू जागच्या जागी बदलली असेल तर टॅबही त्याच वस्तूत डोकावतो आणि नवा आकडा दाखवतो. स्टेट नवी, चौकट शांत: हे पाचव्या तपासणीचंच लक्षण आहे.

पाचवी: वही तीच, पान बदललं

दहातले बरेचसे बिघाड इथेच संपतात, म्हणून इथे घाई करू नका.

संकलन केंद्राच्या स्क्रीनवर झालं होतं ते असं. हँडलरने नोंदींच्या अ‍ॅरेमधून ‘फाइंड’ने हवी ती नोंद काढली, तिची फॅट बदलली, रक्कम पुन्हा मोजली आणि तोच अ‍ॅरे सेटरला दिला. रिअ‍ॅक्टने बघितलं: वही तीच. रेंडर नाही. पुढे ऑपरेटरने सभासद क्रमांक शोधायला एक अंक टाइप केला. शोधाची स्टेट बदलली, त्या निमित्ताने सगळं पुन्हा रेंडर झालं आणि दुरुस्त केलेली रक्कम अचानक दिसली. तोवर दुसरी नोंद पडून गेली होती.

तुमच्या कोडमध्ये स्टेटवर ‘पुश’, ‘पॉप’, ‘शिफ्ट’, ‘स्प्लाइस’, ‘सॉर्ट’, ‘रिव्हर्स’ कुठे आहेत ते शोधा. हे सगळे अ‍ॅरे जागेवरच बदलतात. त्यात ‘सॉर्ट’ सगळ्यात फसवा. तो उत्तर म्हणून अ‍ॅरे परत देतो, त्यामुळे नवीन मिळाल्यासारखं वाटतं, पण मिळतो तो जुनाच. ‘मॅप’, ‘फिल्टर’, ‘स्लाइस’ आणि तीन टिंबांचा स्प्रेड नवा अ‍ॅरे देतात. जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीत ‘टूसॉर्टेड’, ‘टूरिव्हर्स्ड’, ‘टूस्प्लाइस्ड’ आणि ‘विथ’ आले. ते मूळ अ‍ॅरेला हात लावत नाहीत.

दुरुस्ती अशी: नोंदींवर ‘मॅप’ फिरवा. आयडी जुळत नाही ती नोंद जशीच्या तशी परत द्या. जुळते तिथे नवं ऑब्जेक्ट बनवा, आधी तीन टिंबांनी जुनी नोंद ओता आणि त्यानंतर नवी फॅट लिहा. क्रम महत्त्वाचा आहे. फॅट आधी लिहून टिंबं नंतर दिली तर जुनी फॅट नव्या फॅटवर बसते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या ठिकाणी येता.

तीन टिंबं फक्त वरची पातळी उतरवतात, हेही लक्षात ठेवा. नोंदीच्या आत ‘चाचणी’ नावाचं ऑब्जेक्ट असेल आणि त्यात फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असतील, तर बाहेरची वही नवी होते पण आतलं पान जुन्या वहीशी सामायिकच राहतं. जितक्या पातळ्या खाली बदल, तितक्या पातळ्यांवर नवी प्रत. हे टाळायला काही जण सगळं जेसनमध्ये घालून परत काढतात. कृपया तसं करू नका. तारखांचे साधे मजकूर होतात, ‘अनडिफाइन्ड’ रकाने गायब होतात आणि न बदललेल्या शेकडो नोंदीही रिअ‍ॅक्टला नव्या वाटतात. पातळ्या दोन-तीनच्या पुढे गेल्या असतील तर इमर ही लायब्ररी वापरा. तिच्या आत तुम्ही थेट बदल लिहिता आणि ती नवी प्रत बनवून देते.

इथेच आणखी एक सापळा आहे. रिडक्स टूलकिट या स्टेट एका जागी सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या स्लाइसमध्ये (स्टेटच्या एका भागात) इमर आधीच बसवलेलं असतं, म्हणून तिथे ‘पुश’ चालतो. तिथे वर्षभर काम केलेला माणूस तीच सवय घेऊन ‘यूजस्टेट’कडे येतो. हात तोच, कोड तसाच दिसतो, पण इमर नसतं. कोड तपासताना ही चूक नजरेतून सहज सुटते.

नेमकी ओळ सापडत नसेल तर माझा सर्वात आवडता उपाय करा. डेव्हलपमेंटमध्ये स्टेटमध्ये जाणारा अ‍ॅरे आणि त्यातली प्रत्येक नोंद ‘ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ’ने गोठवा. मॉड्यूलमधला कोड जावास्क्रिप्टच्या कडक नियमांत चालतो, त्यामुळे गोठवलेल्या वस्तूला कोणी हात लावला की ताबडतोब टाइपएरर येतो, तोही ओळ क्रमांकासह. तासभराचा शोध पाच मिनिटांवर येतो. फ्रीझही वरच्या पातळीपुरतंच असतं, म्हणून आतली ऑब्जेक्ट वेगळी गोठवा.

रिअ‍ॅक्ट कंपायलरची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. डेटा जागेवर बदलला जात नाही हे तो गृहीत धरतो आणि त्या भरवशावर जुनी उत्तरं साठवून ठेवतो. आतापर्यंत नशिबाने चाललेला कोड कंपायलर चालू केल्यावर अडला, तर त्या कॉम्पोनंटच्या अंगात पहिल्याच ओळीला ‘यूज नो मेमो’ हा निर्देश तात्पुरता टाका. तेवढ्याने बिघाड गेला, तर कंपायलरला दोष देऊ नका. जागेवर होणारा बदल शोधा.

सहावी: आकड्याची दुसरी प्रत

प्रॉप्समधून, म्हणजे वरच्या कॉम्पोनंटकडून, आलेली किंमत ‘यूजस्टेट’ला सुरुवातीची किंमत म्हणून दिली आहे का? ती फक्त पहिल्या रेंडरला वाचली जाते. सभासद ४१ निवडला, फॉर्म उघडला, मग ४२ निवडला: प्रॉप बदलला, पण फॉर्मची स्टेट ४१ ची. ४२ चा दर बदलायला जाऊन ४१ चे आकडे सेव्ह होतात.

शक्य असेल तर प्रतच ठेवू नका, थेट प्रॉप दाखवा. फॉर्मला स्वतःची स्टेट हवीच असेल तर त्याला सभासद आयडी ‘की’ म्हणून द्या. आयडी बदलला की रिअ‍ॅक्ट जुना फॉर्म टाकून नवा बनवतं. ‘यूजइफेक्ट’मधून, म्हणजे रेंडरनंतर चालणाऱ्या कोडमधून, स्टेट जुळवत बसण्याचा मार्ग मी टाळतो. एक रेंडर जुन्या माहितीने होऊन जातं आणि अर्धवट टाइप केलेलं कधी पुसलं जाईल याचा नेम राहत नाही.

एकूण रक्कम, एकूण लिटर, गाळलेली यादी हे सगळं वेगळ्या स्टेटमध्ये ठेवलं असेल तर तेही काढा. नोंदींवरून रेंडर होतानाच बेरीज करा. बेरजेची दुसरी प्रत नसली की ती शिळी होण्याचा प्रश्नच उरत नाही.

सातवी: यादीतली ‘की’

ओळीचा अनुक्रमांकच ‘की’ म्हणून दिला असेल तर मधली ओळ काढल्यावर खालच्या सगळ्या ओळी एकेक नंबर वर सरकतात. रिअ‍ॅक्टला वाटतं शेवटची ओळ गेली, आणि टाइप केलेला मजकूर जुन्या जागेवर राहतो. डेटाबेसमधून आलेला आयडी वापरा. दर रेंडरला रँडम आकडा देऊ नका. मग प्रत्येक ओळ दर वेळी नवी बनते आणि टाइप करताना प्रत्येक अक्षराला फोकस सुटतो.

आठवी: जुना फोटो धरून बसलेलं फंक्शन

टायमर १ वर अडकण्याचं कारण हे. रिकामी डिपेन्डन्सी यादी (काय बदललं की पुन्हा चालायचं त्याची यादी) दिलेल्या ‘यूजइफेक्ट’मधलं फंक्शन पहिल्या रेंडरचं आहे. त्याच्या दृष्टीने आकडा कायम ०, म्हणून ते दर सेकंदाला ० अधिक १ करतं. वजनकाट्याकडून किंवा सॉकेटवरून येणारा आकडा ऐकणाऱ्या फंक्शनचंही असंच होतं. सेटरला किंमत देण्याऐवजी फंक्शन द्या, जे चालू किंमत घेऊन पुढची परत करतं. ईएसलिंटचा ‘एक्झॉस्टिव्ह-डेप्स’ हा नियम नेमकी हीच चूक पकडतो. त्याची पिवळी रेघ नकोशी वाटली म्हणून तो बंद करण्याची ओळ कुणी टाकली आहे का, ते आधी शोधा.

आधीचं उत्तर साठवून ठेवणारे ‘मेमो’ आणि ‘यूजमेमो’ही याच जातीचे. तात्पुरते काढून बघा. बिघाड गेला तर डिपेन्डन्सी यादीत काहीतरी राहिलं आहे, किंवा ‘मेमो’ला स्वतः लिहिलेलं तुलनेचं फंक्शन दिलं असेल तर त्यात एखादा रकाना सुटला आहे.

नववी: उत्तरांची शर्यत आणि रिअ‍ॅक्टबाहेरचा डेटा

‘नेटवर्क’ टॅब उघडा. सर्व्हरचं उत्तरच जुनं असेल तर इथे थांबा, दोष मागच्या बाजूला आहे. उत्तर बरोबर असेल तर नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून भराभर दोन-तीन सभासद निवडा. ४१ ची विनंती उशिरा परत येऊन ४२ च्या माहितीवर बसते का ते दिसेल. इफेक्टच्या क्लीनअपमध्ये जुनी विनंती ‘अ‍ॅबॉर्टकंट्रोलर’ने रद्द करा.

रेफमध्ये (बदलली तरी रेंडर न करणारी साठवणीची जागा), ग्लोबल व्हेरिएबलमध्ये किंवा लोकलस्टोरेजमध्ये बदल केला तर रिअ‍ॅक्टला काहीच कळत नाही. लोकलस्टोरेजची ‘स्टोरेज’ घटना बदल करणाऱ्या टॅबमध्ये येत नाही, फक्त इतर टॅबमध्ये येते, त्यामुळे तिच्यावरही भिस्त ठेवता येत नाही. स्क्रीनवर दिसणारी गोष्ट स्टेटमध्ये असायला हवी. बाहेरचा साठा वापरणं भागच असेल तर ‘यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर’ त्यासाठीच आहे.

कुठे थांबायचं

चुकीच्या नोंदी खऱ्या डेटाबेसमध्ये गेल्या असतील, तर स्क्रीनची दुरुस्ती बाजूला ठेवा. आधी बॅकअप घ्या आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा. कोड दुरुस्त झाल्याने पडलेली दुबार नोंद निघत नाही, आणि चालू डेटावर हाताने खाडाखोड केली तर कुणाच्या तरी दुधाचे पैसे चुकतात.

बिघाड फक्त प्रॉडक्शन बिल्डमध्ये दिसत असेल, किंवा पान सर्व्हरवर रेंडर होत असेल आणि हायड्रेशनची (सर्व्हरवरून आलेलं पान ब्राउझरमध्ये जिवंत करण्याची) तक्रार येत असेल, तर अनुभवी रिअ‍ॅक्ट डेव्हलपरकडे जा. तिथे कॅशच्या अनेक पातळ्या असतात आणि अंदाजाने एकेक बंद करत गेलात तर चालू असलेल्या गोष्टीही अडतात. एकच माहिती स्टोअरमध्ये, कॉन्टेक्स्टमध्ये आणि कॉम्पोनंटच्या स्टेटमध्ये अशी तीन ठिकाणी असेल, आणि एक जुळवलं की दुसरं बिघडत असेल, तरीही तेच. तिथे रचना बदलावी लागते, एखादी ओळ बदलून भागत नाही.

आणि हात ‘सेटटाइमआउट’ घालायला, पान आपोआप रिफ्रेश करायला किंवा नुसतं रेंडर व्हावं म्हणून एक निरर्थक काउंटर वाढवायला गेला, की कीबोर्डवरून हात काढा. लक्षण झाकलं जाईल आणि पुढच्या माणसाला मूळ कारण सापडणार नाही.

बोलावताना एवढं तयार ठेवा: पॅकेज फाइलमधला रिअ‍ॅक्टचा आवृत्ती क्रमांक, बिघाड हमखास घडवणाऱ्या पायऱ्या, स्क्रीनचं छोटं रेकॉर्डिंग, शक्य असेल तर बाकी सगळं काढून फक्त बिघाड उरेल असा एका फाइलचा नमुना, आणि बटण दाबल्यावर चौकट चमकते की नाही याचं उत्तर.